चार बोटं जास्तीची शिडी

त्रेन्तोला, अवेर्साजवळ
द्राक्षं काढून झाल्यानंतरचा रविवार

प्रिय ताम्मारोदादा,

तुला मनापासून नमस्कार, पियेरावहिनींना वाकून नमस्कार, आणि तुझ्या डाव्या पायात बसवलेल्या नव्या गुडघ्याला, आमची अजून भेट झालेली नसल्यामुळे, ओळखीपुरता नमस्कार. कसा आहे तो? तुरीनच्या थंडीत करकरतो का? डॉक्टर म्हणतात तशी वीस वर्षांची हमी खरंच आहे का? असली तर तुझ्यातला सगळ्यात टिकाऊ भाग तोच म्हणायचा. तितीनाने (म्हणजे तुझ्या भावजयीने) त्याच्या नावाने देवळात मेणबत्ती लावली. तुझ्या जुन्या गुडघ्याच्या नावानेही लावायला निघाली होती, मीच म्हटलं, गेलेल्यांची यादी आपल्याकडे आधीच लांब आहे. आम्ही दोघं तब्येतीने ठीक आहोत. निदान तितीना तरी आहे. माझं पुढे येईलच.

फोन न करता पत्र लिहितोय याचा राग मानू नकोस. मागच्या वेळी मी फोनवर अर्धा तास बोललो आणि शेवटी तू मलाच, एल्पिदिओलाच, विचारलंस, "बरं, एल्पिदिओ कसा आहे?" कागदाचं बरं असतं, त्याला मोठ्याने ओरडावं लागत नाही.

तू विचारलंस त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको. (टांगणीला लागण्याचा मान यंदा माझा होता.) नोव्हेंबरात संत मार्टिनच्या दिवशी नवी वाईन चाखून झाली की आपल्या शेतातली पॉप्लरची रांग पाडायची का, आणि जमीन त्या स्ट्रॉबेरीवाल्याला द्यायची का, असं तू विचारलंस. आपलं ठरलं होतंच की ज्या वर्षी आपल्या घरात वर चढणारं कोणी उरणार नाही, त्या वर्षी कुऱ्हाड. तर दादा, उत्तर होय असं आहे. पाडू या. का ते सांगतो. जरा लांबण लागेल, पण तू आता घरीच बसलेला असतोस.

हे पत्र तू वहिनींना वाचून दाखवशील, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. त्यांच्या माहेरच्या डोंगरउतारावर द्राक्षाच्या वेली कमरेएवढ्या, शाळेच्या रांगेत उभ्या केल्यासारख्या. बाई बसून द्राक्षं काढते आणि वर भावाच्या लग्नाच्या गप्पाही मारते. आपल्याकडे वेल पॉप्लरला देतात. एकदा दिली की दिली, ती त्याच्या अंगाखांद्यावरून चढते, शेजारच्या झाडाला हात देते, आणि दोन घरांवर घर ठेवावं एवढी उंच हिरवी भिंत उभी राहते. भिंतीच्या पायथ्याचे घड सावलीत आंबट राहतात, शेंड्याचे घड उन्हाने गोड होतात. दोन्ही एकत्र दाबले तरच आपली आस्प्रिनिओ वाईन होते. पाण्यासारखी फिकट, लिंबाच्या सालीच्या वासाची, पहिल्या घोटाला गालफडं आत ओढणारी आणि दुसऱ्या घोटाला म्हशीच्या दुधाचं ताजं मोझरेला मागणारी. नुसते खालचे घड दाबले तर सिरका होतो, आणि वहिनी गेली चाळीस वर्षं आपल्या वाईनला तेच नाव देत आल्यात. ("छान आहे हो, सॅलडवर घालू का?" हे त्यांचं वाक्य आई मरेपर्यंत विसरली नाही.)

यंदा नेमकी तीच पाळी आली होती. दरवर्षी येणारे ते दोघे चढे, एकाची कंबर गेली आणि दुसरा मुलाकडे जर्मनीला गेला. खालचे घड मी आणि तितीनाने स्टुलावर उभं राहून काढले. वरचे तसेच, उन्हात पिवळे होऊन माझ्याकडे बघत. आपली शेवटची वाईन, दादा, आणि ती सॅलडवर घालायची? मला ते पटेना. मी माझी शिडी काढायला गेलो, तर शिडी जागेवर नाही. तितीनाला विचारलं तर म्हणाली, "कुठली शिडी?" हे ती ज्या आवाजात म्हणाली तो आवाज तुला माहीत आहे, आपल्या लहानपणी कोंबडीचं अंडं फुटलं की तू काढायचास तोच. मग परसात गेल्यावर कळलं. माझी चेस्टनटच्या लाकडाची शिडी मधोमध कापून, दोन तुकडे एकमेकांना टेकवून, वालाच्या वेलाला मांडव केला होता. डॉक्टरांनी मला चढायला बंदी केल्यापासून हे कारस्थान तितीना आणि आमची एर्सिलिया या मायलेकींनी मिळून शिजवलेलं. वाल मात्र झकास आला होता, त्यामुळे धड भांडताही येईना.

उरली एकच शिडी, तुझी. तू कारखान्यात मोटारी जोडायला गेलास त्या दिवसापासून ती गोठ्याच्या भिंतीवर आडवी टांगलेली आहे. वडील दर हिवाळ्यात तिला जवसाचं तेल पाजायचे. मी एकदा विचारलं होतं, कशासाठी? तर म्हणाले, शिडी आहे म्हणजे माणूस यायचा आहे. ते गेल्यावर तेल मी पाजत आलो, कशासाठी ते न विचारता. आता दुसऱ्याच्या शिडीवर पाय ठेवू नये हे मला माहीत नाही असं नाही. आपल्याकडे माणूस आपली मोटार देईल, रात्रीपुरती म्हैस देईल, शिडी देणार नाही. तिच्या पायऱ्यांमधलं अंतर बेतलेलंच असतं एकाच माणसाच्या पायावर. पण मी म्हटलं, भाऊच आहे, रक्त एक, पाय थोडा इकडेतिकडे.

दादा, पाय इकडेतिकडे नसतो. तुझा पाय माझ्यापेक्षा चार बोटं लांब आहे, आणि ही चार बोटं जमिनीवर चालताना कळत नाहीत. शिडीवर प्रत्येक पायरीला कळतात. बसमध्ये चढताना म्हातारी माणसं करतात तसं प्रत्येक पायरीला "हुप्प" करत मी वर गेलो. वर पोचल्यावर जुन्या सवयीने डावा पाय दोन पायऱ्यांमधून आत घातला, आता गुडघा वरच्या पायरीखाली अडकला की दोन्ही हात मोकळे, की लाग कामाला. पण पायरी गुडघ्याला भेटलीच नाही. ती कुठेतरी मांडीपाशी होती, अनोळखी, परक्या घरातल्या दाराच्या कडीसारखी. मी पाय बाहेर काढला आणि उतरायला म्हणून खाली सोडला. तर खालचीही पायरी नाही. म्हणजे होती, पण माझ्या पायाला जिथे वाटत होती तिथे नव्हती, आणि माझा पाय (तुला ठाऊकच आहे, आपल्या घराण्यात पायसुद्धा हट्टी) आणखी चार बोटं खाली जायला तयार होईना. मग मी एका हाताने पॉप्लरला मिठी मारली, दुसऱ्या हाताने एक घड धरला, आणि तसाच राहिलो. वर जाणं नाही, खाली येणं नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे पाहिलेत, झाडावरून स्वतःला हाकणारा मीच पहिला असेन.

एक सांगू? पहिला घाम वाळल्यावर तिथे बरं वाटलं. इतक्या वर्षांत मी तिथे कधी कामाशिवाय उभा राहिलो नव्हतो. अवेर्साच्या देवळाचा घुमट दिसत होता, त्याच्या अलीकडे स्ट्रॉबेरीची प्लॅस्टिकची पांढरी घरं, एकापुढे एक, जणू कोणी साऱ्या मुलखावर चादर ओढत आणतंय आणि आता फक्त आपलंच डोकं बाहेर राहिलंय. पूर्वी इथून बघितलं की भिंतीमागे भिंत दिसायची, प्रत्येक भिंतीत एक माणूस, आणि माणसं दिसत नसली तरी हाका ऐकू यायच्या. एकाने हाक घातली की दुसरा पुढची ओळ जोडायचा. तू फारच बेसूर गायचास. मी तिथे उभ्याउभ्या एक हाक घातली, हळूच. कोणी पुढची ओळ जोडली नाही. मग मनाशी म्हटलं, ठरलं तर. ज्या कामात हाकेला उत्तर येत नाही ते काम संपलेलंच असतं, आपण फक्त त्याचं तेल-पाणी करत बसलेलो असतो.

उत्तर आलं ते खालून, तितीनाचं.

"अहो, वर काय करताय?"

"बघतोय. आपल्या छपरावरचं एक कौल निसटलंय."

"ते मी खालून तीन वर्षं सांगतेय. उतरा आता."

मी म्हटलं, उतरायचं कसं ते आठवत नाही. ती शिडीच्या पायथ्याशी आली. मग म्हणाली, जेवण दोरीने वर पाठवते, शनिवारी चादर बदलेन. पण आवाज जरा फाटला होता, ते मला कळलं.

तेवढ्यात, दैव बघ, तो स्ट्रॉबेरीवाला जमीन मापायला म्हणून फीत घेऊन आला. भला माणूस आहे. त्याने टोपी काढून मला खालून नमस्कार केला आणि अग्निशमन दलाला फोन करतो म्हणाला. तितीना म्हणाली, "ते पेटलेल्यांना विझवतात. हे नुसते लटकलेत." तरी त्याने केला. बंब आला तो पाटाच्या पुलापाशीच अडला, पूल अरुंद. बंबवाले तिथून हात हलवत राहिले. मला हात हलवायची सोय नव्हती.

आणि मग एर्सिलियाची बस आली. तुझी पुतणी नगरपालिकेची बस चालवते हे तुला माहीत आहे, आपल्या शेताच्या कडेने तिचा मार्ग जातो. ती लहानपणी वर्गात सगळ्यात उंच, मग गावात सगळ्यात उंच, "मुलगी आहे की पॉप्लर" हे ऐकत वाढलेली. आता बसमध्ये तिची खुर्ची मागे सरकता सरकत नाही एवढी मागे असते, आणि दुसरा ड्रायव्हर बसला की त्याचे पाय हवेत लोंबतात. तिने बस शेताशी उभी केली आणि उतरली. तिच्यामागे सगळे प्रवासी उतरले, कारण असा खेळ तिकिटात रोज मिळत नाही. कोणी म्हणालं, ह्याचा बापही असाच हट्टी होता. दुसरा म्हणाला, बाप चढायचा तसा उतरायचासुद्धा. एका बाईने वर हाक मारून विचारलं की वरची द्राक्षं गोड आहेत का. मी म्हटलं, हो. एवढ्या गर्दीत कामाचा प्रश्न तिने एकटीने विचारला.

एर्सिलियाने कोणाला काही विचारलं नाही. शिडी एकच, आणि तिच्यावर मी. ती माझ्याखालून त्याच शिडीने वर आली. "हुप्प" नाही, काही नाही, घरचा जिना चढावा तशी. माझ्या पायांखाली आली, डावा पाय दोन पायऱ्यांतून आत घातला, गुडघा वरच्या पायरीखाली अडकवला आणि दोन्ही हात मोकळे केले. दादा, हे तिला कोणी शिकवलेलं नाही. मी नाही शिकवलं, मुलगी म्हणून, आणि आता त्याची लाज वाटते. तिने माझा घोटा हातात धरला.

"बाबा, डावा सोडा. आणखी खाली. आणखी."

"पायरी नाही तिथे."

"आहे. चार बोटं खाली आहे. माझ्यावर सोडा."

मी सोडला. प्रत्येक पायरीला तिने माझा पाय उचलून ठेवला, बाळाचा ठेवतात तसा, आणि मी जमिनीवर आलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तितीनाने मला बघितलं, एप्रनने डोळे पुसले, आणि मग जे काही बोलली ते वहिनींसमोर वाचण्यासारखं नाही.

मला वाटलं, झालं, आता बस निघेल. पण एर्सिलिया वर बघत होती. माझी टोपली वर फांदीला लटकत राहिली होती, ती आपली खाली टोकदार असते तीच. म्हणाली, तेवढी काढून येते. वर गेली, आणि खाली आली नाही. थोड्या वेळाने टोपली दोरीने भरून खाली आली आणि टोक मातीत रुतवून, कोणाच्याही आधाराशिवाय, सरळ उभी राहिली. प्रवाशांनी ती रिकामी करून परत वर पाठवली. मग पुन्हा. बंबवालेही पुलावरून चालत आले आणि रांगेत लागले. स्ट्रॉबेरीवाल्याने फीत खिशात ठेवून बाह्या सरसावल्या. पहिलं झाड रिकामं झालं तेव्हा बस चांगलीच उशिरा होती आणि सगळ्यांचे हात चिकट झाले होते. (उरलेली रांग तिने पुढच्या दोन सुट्ट्यांत उतरवली. एका प्रवाशाने नगरपालिकेकडे तक्रार केली, त्याचा दात दुखत होता. खुलाशात उशिराचं कारण म्हणून एर्सिलियाने एकच शब्द लिहिला: "वडील.")

त्याच बसमध्ये म्हातारा क्रेशेन्झो होता. आपल्या दोघांच्या शिड्या ज्याने केल्या तोच, अजून आहे, डोळ्यांच्या औषधाला निघाला होता. तो काठी टेकत आला, शिडीवर हात फिरवला आणि सगळ्या बससमोर मला म्हणाला, "ही ताम्मारोची आहे. तुझा पाय चार बोटं आखूड, एल्पिदिओ. तेव्हाही होता." मग एर्सिलिया उतरल्यावर त्याने तिला पाय पुढे करायला सांगितलं. खिशातून सुतळी काढली, टाचेपासून गुडघ्यापर्यंत धरली, गाठ मारली, ती गाठ शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये लावून बघितली. मग पुन्हा लावून बघितली. डोळे अधू असले तरी बोटं अधू नाहीत त्याची. म्हणाला, "हा पाय मी एकदा मापलाय." बस्स. काठी टेकत बसमध्ये जाऊन बसला.

घड त्या त्या दिवशीच दाबले. वरचे आणि खालचे एकत्र. रस अंगणाखालच्या तळघरात उतरवला. वहिनींना सांग, विहिरीएवढं खोल आहे, पिवळ्या मऊ दगडात आजोबांच्या आजोबांनी खोदलेलं, आणि बाहेर ऊन असो की बर्फ, आत हवा तीच. त्या गारव्यात वाईन घाई करत नाही. वर लोक दोन आठवड्यांत रस आंबवून मोकळे होतात, आपलं पिंप अजून तोंडातल्या तोंडात पुटपुटतंय. काल एर्सिलिया पिंपाला कान लावून बराच वेळ उभी होती. मग सहज विचारल्यासारखं म्हणाली, हिवाळ्यात पॉप्लरला वेल बांधायची तर वाळुंजीच्या काड्या कोणत्या महिन्यात कापायच्या? मी म्हटलं, जानेवारीत. तुला कशाला? म्हणाली, अशीच.

असो. फार लांबलं. सारांश असा, की तुझा धाकटा भाऊ थकला. चढणं त्याच्याच्याने होत नाही, आणि अंथरूण पाहून पाय पसरावेत तसे पाय पाहून झाडं ठेवावीत. तेव्हा संत मार्टिननंतर रांग पाडायला माझी हरकत नाही. मी सही केलेला कागद सोबत जोडला आहे, त्यावर तुझी सही करून परत पाठव. वहिनींना आणि मुलांना आशीर्वाद-नमस्कार ज्याचा त्याला. गुडघ्याला जप.

तुझा आखूड पायाचा भाऊ,
एल्पिदिओ

ता. क. कागद सोबत जोडलेला नाही. लिहिताना होता. तितीना म्हणते तिने त्यावर ओला पास्ता वाळत घातला आणि अक्षरं पास्त्यावर उतरली. आम्ही तो खाऊन टाकला. स्ट्रॉबेरीवाल्याला कळवलंय की घाई नाही. तो म्हणाला, त्यालाही नाही, फक्त नवी वाईन काढाल तेव्हा मला बोलवा, मी पण टोपल्या ओतल्यात.

दुसरा ता. क. खरं म्हणजे तुला पत्र लिहायचं होतं ते यासाठी. बस निघण्याआधी क्रेशेन्झोने मला खिडकीपाशी बोलावलं आणि सांगितलं, यंदा गर्दीत झालं ते झालं, पण पुढच्या वर्षी मालकाच्या शब्दाशिवाय तिने त्या शिडीवर पाऊल ठेवलं तर मी माझ्या हाताने शिडी मोडीन. तोंडी शब्द हवा खरा, पण तुझा फोन आपल्याला माहीत आहे, तेव्हा तुझ्या अक्षरात चालेल, मी विचारून घेतलंय. फार लिहायला नको. "एर्सिलिया, चढ" एवढं पुरे. मी सांगितलं हे तिला कळू देऊ नकोस. तिने मागितलेली नाही. फक्त शिडी धुतली, तेल पाजलं, आणि पूर्वी होती तिथे न टांगता दाराशी उभी करून ठेवलीय. आणि पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरची रजा आत्ताच मागितलीय.

तिसरा ता. क. ती पहिला पाय डावा टाकते. मला आठवतं तसं तूही. नव्या गुडघ्याला वाईट वाटेल म्हणून वर लिहिलं नाही, पण जुन्याच्या नावाने मेणबत्ती लावायला तितीनाला नको म्हटलं ते बरंच झालं. तो गेलेला नाही. इथेच आहे, बस चालवतो.